झाडातलं पाणी वर कसं चढतं? नववीच्या प्रदर्शनासाठी चालतं मॉडेल – मदत हवी

शेवंती
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याच्या गटाला 'वनस्पतींमधील परिवहन' हा विषय आलाय. सरांची अट एकच, मॉडेल चालतं हवं, नुसता तक्ता आणला तर परत पाठवणार.

यूट्यूबवर सगळीकडे एकच प्रकार दिसतोय. पुठ्ठ्याचं झाड, खोडातून सलाइनच्या दोन पारदर्शक नळ्या, एकीतून लाल पाणी वर जातंय, दुसरीतून हिरवं खाली येतंय, आणि झाडाखाली झाकलेल्या डब्यात फिशटँकचा पंप. दिसायला झकास दिसतं. तेच करायचं ठरतंय. म्हणून विचारते : पंप कुठला घ्यावा? नळी सलाइनची चालेल का? रंग कुठला म्हणजे नळीला चिकटणार नाही? आणि झाड कशाचं करावं? थर्माकोल कॉलनीतल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळत नाही.

गटात चौघं आहेत. त्यातला एक 'प्रेझेंटेशन करणार' आहे, म्हणजे बाकी काही करणार नाही.

तिरकस
गटात आया किती आहेत ते सांगा, मग कामाचा अंदाज येईल.
आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी पाच ज्वालामुखी आणि तीन पवनचक्क्या झाल्या. सगळ्या वडिलांनी केलेल्या. बक्षीस मिळालं तेव्हा एका वडिलांचे डोळे भरून आले होते.

खटपट्या
शेवंतीताई, पंपाचं सांगतो. पाण्यात बुडवून ठेवायचा छोटा डीसी पंप मिळतो, ३ ते ६ व्होल्टचा. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा. जुन्या मोबाईल चार्जरच्या ५ व्होल्टवर आरामात चालतो. पण तो जास्तीत जास्त मीटरभर उंच पाणी फेकतो, म्हणून झाड अडीच फुटांच्या वर नेऊ नका. पंपाचं तोंड मोठं आणि सलाइनची नळी बारीक असते. मध्ये फिशटँकच्या हवेच्या नळीचा तुकडा जोड म्हणून घाला, वर एम-सील. डब्यात पाणी कमी पडून पंप कोरडा फिरला की मेला, म्हणून एक जास्तीचा आणून ठेवा.
रंग खाण्याचाच वापरा. पोस्टर कलर घातलात तर दुसऱ्या दिवशी पंपात चिखल.
झाडासाठी खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, वर फेविकॉलमध्ये बुडवलेले वर्तमानपत्राचे तुकडे. थर्माकोलपेक्षा टिकतं.

मास्तर_निवृत्त
तीस वर्षं माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि तालुका पातळीवर परीक्षक म्हणूनही बसलो आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

पंपाचं झाड हे झाडाचं मॉडेल नव्हे. ते हृदयाचं मॉडेल आहे, वर पानं चिकटवलेली. मूल ते बनवतं आणि त्याच्या डोक्यात कायमचं बसतं की मुळापाशी काहीतरी असतं जे पाणी वर ढकलतं. नंतर अकरावीत ते पुसायला आम्हाला नाकी नऊ येतात. लाल-हिरव्या नळ्यांमुळे आणखी एक घोटाळा होतो. एका मुलीने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की लाल नळीत 'शुद्ध' पाणी असतं.

झाडात घडतं ते उलट. पानांवरच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांच्या आसपास अशीच हवेत जाते, झाड स्वतःसाठी फार थोडं ठेवतं. वाफ गेली की पानातल्या पेशींच्या भिंतींवरचं पाणी आत ओढलं जातं, ते मागच्या पाण्याला ओढतं, आणि ही ओढ जलवाहिन्यांमधून थेट मुळांपर्यंत पोचते. जलवाहिन्यांच्या पेशी तेव्हा मेलेल्या असतात. नुसत्या पोकळ नळ्या. कोणी ढकलत नाही, कोणी पंप मारत नाही. सगळी ऊर्जा उन्हाची.

मूलदाब, म्हणजे मुळांकडून पाण्याला वर मिळणारा दाब, असतो, नाही असं नाही. सकाळी अळूच्या पानाच्या टोकाशी, गवताच्या पात्यावर जे थेंब दिसतात त्यातले बरेचसे दव नसून मूलदाबाने बाहेर आलेलं पाणी असतं. पण उंच झाडाला भर दुपारी तो पुरत नाही.

तेव्हा ताई, मॉडेल चालतं हवं ना? मग खरोखर चालेल असं करा.

खटपट्या
मास्तर, मान्य, पण व्यवहार बघा. प्रदर्शनात परीक्षक एका टेबलापाशी दोन मिनिटं थांबतात. त्या दोन मिनिटांत काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर ते पुढच्या टेबलावरच्या रोबोटकडे जातात. मॉडेल म्हणजे सोपं करूनच दाखवणं. सूर्यमालेच्या मॉडेलमध्येही ग्रह तारेवर फिरतात, म्हणून कोणी अवकाशात तार शोधायला जात नाही.

मास्तर_निवृत्त
तारेमुळे ग्रह का फिरतात याबद्दल चुकीचं उत्तर डोक्यात बसत नाही. पंपामुळे बसतं. इथे विषयच 'पाणी का चढतं' हा आहे, आणि तुमचं मॉडेल त्याच प्रश्नाचं खोटं उत्तर देतं.

खारुताई
दोघांचंही पटतंय :) माझ्या मुलीने सातवीत निशिगंधाचा प्रयोग केला होता, तो सांगते. पांढऱ्या निशिगंधाच्या काड्या आणल्या, देठ पाण्याखाली धरून तिरपे कापले (हवेत कापलं की कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते आणि पाणी चढत नाही, हे आमच्या फुलवाल्याने सांगितलं) आणि निळ्या खाण्याच्या रंगाच्या दाट पाण्यात ठेवले. खिडकीपाशी, वारा येईल अशा जागी. काही तासांत पाकळ्यांच्या कडांवर निळ्या शिरा दिसायला लागल्या. एका काडीचा देठ उभा चिरून अर्धा निळ्यात, अर्धा लाल पाण्यात ठेवला होता. ते बघायला वर्गातली मुलं रांग लावून उभी.

फक्त कुंकू, गुलाल वापरू नका. ते पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, वर जात नाहीत. आम्ही शेवंतीवरही करून बघितलं, पण ती निशिगंधाइतकी पटकन रंगली नाही. (शेवंतीताई, तुमच्याबद्दल काही नाही.)

अनवट
पावसाळ्यात तेरडा मिळाला तर त्याहून भारी. तेरड्याचं खोड जवळजवळ पारदर्शक असतं, मुळासकट उपटून लाल पाण्यात ठेवला की रंगाच्या रेषा खोडातून चढताना बाहेरूनच दिसतात. आम्ही शाळेत सॅफ्रानीन (प्रयोगशाळेतला लाल रंग) वापरायचो. संध्याकाळी ब्लेडने आडवा काप घेतला की कडेने लाल ठिपक्यांचं वर्तुळ.
पण प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर तेरडा कुठून आणणार.

बागायतदार_तासगाव
एक शंका आहे, बऱ्याच वर्षांपासूनची. विहिरीवर वर बसवलेली मोटार पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही. कितीही हॉर्सपॉवरची लावा. म्हणून तर पाणी खाली गेलं की मोटार खाली सरकवायची किंवा सबमर्सिबल टाकायची, ती खालून ढकलते. मग नारळाचं झाड साठ-सत्तर फूट वर बसून, मास्तर म्हणतात तसं नुसतं ओढून, पाणी कसं नेतं? आणि मोटार एकदा हवा धरली की नुसती गरगर फिरते. झाड हवा धरत नाही का?

मास्तर_निवृत्त
बागायतदारसाहेब, ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षं डोकं फोडलं तोच तुम्ही विहिरीच्या काठावर बसून विचारलात. भौतिकशास्त्रवाल्या कोणीतरी उत्तर द्यावं, मी चुकलो तर दुरुस्त करीन.

अनुस्वार
मी देते. (फिजिक्स, मुलुंड, दोन मुलं, वेळ नाही, म्हणून थोडक्यात म्हणत लांबलचक लिहिणार.)

वरची मोटार पाणी ओढत नाहीच. ती पाइपातली हवा काढते आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो, त्यापुढे निर्वात असला तरी पाणी चढणार नाही. गळती, घर्षण धरून प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर, म्हणजे तुमचे पंचवीस फूट.

मग वाटेल केशाकर्षण असेल, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं ते. शाळेत आपण तेच लिहून मार्क मिळवले. हिशेब करून बघा. जलवाहिनीची त्रिज्या २० मायक्रोमीटर धरली तर केशाकर्षणाने पाणी जेमतेम पाऊण मीटर चढेल. एक मिलिमीटर रुंद नळीत तीन सेंटिमीटर. कॅलिफोर्नियातलं सगळ्यात उंच रेडवुड ११५ मीटरच्या वर आहे.

खरं उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक, पूर्ण भरलेल्या, आतून ओल्या होणाऱ्या नळीत पाण्याचा स्तंभ दोरीसारखा ताणता येतो, तुटत नाही. वरच्या टोकाला पानातल्या पेशीभित्तिकांमध्ये अतिशय सूक्ष्म छिद्रं असतात. पाऊण मीटरचं केशाकर्षण जलवाहिनीचं, या छिद्रांचं त्याच्या हजारो पट. पाणी तिथे अडकवून ठेवलेलं असतं आणि खालचा सगळा स्तंभ त्याला लटकतो. त्या स्तंभात दाब शून्याच्याही खाली, ऋण असतो. हवेच्या दाबाशी संबंधच उरत नाही, म्हणून १० मीटरची मर्यादाही नाही.

आणि हो, झाड हवा धरतं! दुष्काळात ताण फार वाढला की स्तंभ तुटतो, त्या जलवाहिनीत बुडबुडा होतो. पण जलवाहिन्या हजारो असतात आणि दोन वाहिन्यांमधल्या खळग्यांच्या पडद्यातून हवा सहसा पलीकडे जात नाही. एक वाहिनी बंद, पाणी शेजारून वळसा घालून जातं. तुमच्या मोटारीला एकच पाइप, तिथे घोळ.

बागायतदार_तासगाव
समजलं. म्हणजे झाडाला फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) लागत नाही. माझ्या मोटारीचा दर महिन्याला बदलावा लागतो.

तिरकस
पुढच्या जन्मी नारळ व्हा. वीजबिलही नाही.

कोकणकडा
नारळाचा विषय निघालाच आहे तर... माडाची पोय (न उमललेला फुलोरा) कापल्यावर गळते ती माडी म्हणजे हे वर जाणारं पाणीच ना? मग गोड कशी?

मास्तर_निवृत्त
नाही. ते रसवाहिन्यांतलं. पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांतून जिथे गरज आहे तिथे जाते. पोय म्हणजे भावी नारळ, तिकडे साखर जोरात वाहत असते. वाटेत कापली की मडक्यात गळते. ताज्या नीरेत दहा टक्क्यांहून जास्त साखर असते. नंतर ती आंबते आणि तुम्हाला जी आवडते ती होते.

कोकणकडा
मला आवडते असं मी कुठे म्हटलं? मी शास्त्रीय शंका विचारली.

दक्खनी
या धाग्यावर जगदीशचंद्र बोसांचं नाव कसं नाही आलं अजून? त्यांनी सिद्ध केलं होतं की झाडात हृदयासारखं स्पंदन असतं आणि त्याने रस वर चढतो. पाश्चात्त्यांनी श्रेय दिलं नाही.

अनुस्वार
बोसांबद्दल आदर आहेच, पण 'सिद्ध केलं' असं म्हणता येणार नाही. खोडाच्या आतल्या थरातल्या जिवंत पेशी आकुंचन-प्रसरण पावतात आणि त्यामुळे पाणी चढतं असं त्यांचं म्हणणं होतं, १९२३ मध्ये त्यावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं. पण त्याआधीच, १८९० च्या सुमारास, श्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने कापलेलं उंच झाड विषारी द्रावणात उभं केलं. खोडातल्या पेशी मरत गेल्या तरी द्रावण चढत राहिलं, पानं मरेपर्यंत. जिवंत पेशींचा पंप असता तर ते खालीच थांबलं असतं. यात पूर्व-पश्चिम काही नाही. बोसांचं रेडिओ लहरींवरचं काम आणि क्रेस्कोग्राफ (झाडाची वाढ मोजायचं यंत्र) एवढे मोठे आहेत की न टिकलेला एक सिद्धांत त्यांच्या नावाला धक्का लावत नाही.

दक्खनी
ठीक. श्ट्रासबुर्गरचं माहीत नव्हतं. तरी मूळ संदर्भ वाचल्याशिवाय पूर्ण मान्य करणार नाही.

कळफलक
मला व्हॉट्सॲपवर आलं होतं की झाडं तहान लागली की किंचाळतात. त्याचं काय?

अनवट
किंचाळत नाहीत, पण फॉरवर्डच्या मुळाशी खरं संशोधन आहे. तेल अवीवच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. पाणी न दिलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ माइक ठेवले तर तासाला तीस-पन्नास टक-टक आवाज मिळाले, पाणी दिलेल्या रोपांचे जवळजवळ नाहीत. आवाज आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरचे. बहुधा अनुस्वार म्हणतात ते बुडबुडे फुटण्याचेच.

तिरकस
आमच्या बाल्कनीतली तुळस म्हणजे अखंड तबला असणार.

कुंडीवाली
मंडळी, बिचाऱ्या शेवंतीताई पंपाचा पत्ता विचारायला आल्या होत्या, तुम्ही त्यांना आयर्लंडला नेलंत. मॉडेलचं बोलूया? मास्तर म्हणतात तसं, बाष्पीभवनाने खरोखर पाणी ओढणारं मॉडेल घरात होतं. मी बागकामाच्या मुलांच्या शिबिरात घेते.

जुन्या स्टीलच्या वॉटर फिल्टरमध्ये पांढरी चिनी मातीची कँडल असते ना, ती घ्या. नवी, कोरडी. ती म्हणजे तुमचं पान. तिच्या भिंतीत अतिशय बारीक छिद्रं असतात, पाणी जातं पण ओली असताना हवा सहज आत शिरत नाही. आणि सोय अशी की तिला खाली आपोआप नळीचं तोंड असतं.

रात्रभर कँडल पाण्यात बुडवून ठेवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर त्यात विरघळलेली हवा नंतर बुडबुडे करून छळते. सकाळी सिरिंजने कँडल आतून काठोकाठ भरा. पारदर्शक नळीही पूर्ण भरा आणि हे जोडण्याचं काम बादलीत, पाण्याखाली करा. तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळा. मग कँडल वर, नळीचं दुसरं टोक खाली रंगीत पाण्याच्या बाटलीत. पुठ्ठ्याच्या झाडात नळी खोडातून न्या, कँडल पानांच्या जागी बसवा. थोड्या वेळात रंग नळीतून वर सरकायला लागतो. कोणी हात न लावता.

कँडल मिळाली नाही तर संक्रांतीचं सुगड चालतं, न रंगवलेलं. तोंड रबरी बुचाने बंद करून कडेने मेणबत्तीचं मेण ओतायचं. पण सुगडं सगळी सारखी भाजलेली नसतात, एखादं हवा सोडतं. दोन-तीन करून बघावी लागतात. कँडलचा भरवसा जास्त.

मास्तर_निवृत्त
कुंडीवालीताई, उत्तम. माझ्या काळी आम्ही हेच जुन्या बॅटरीतल्या सच्छिद्र भांड्याने करायचो. यात एक भर : नळीचा खालचा वीतभर भाग आडवा ठेवा, मागे पट्टी चिकटवा आणि तिथे मुद्दाम एक बारीक बुडबुडा सोडा. बुडबुडा पट्टीवरून किती वेळात किती मिलिमीटर सरकला ते मुलांनी मोजावं. आडवा अशासाठी की उभ्या नळीत सोडलात तर परीक्षक लगेच म्हणतील, 'बुडबुडा काय, हलका असतो, आपोआपच वर जातो.' मी स्वतः म्हटलं असतं.

खटपट्या
हे आवडलं. आणि आता माझ्या मोटारीला काम मिळालं! पंप काढून टाका, त्याऐवजी कँडलसमोर कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा बसवा. चालू केला की बुडबुडा पळतो, बंद केला की मंदावतो. कँडलवर पॉलिथिनची पिशवी घातली की थांबायला येतो. बटण दाबून परीक्षकांनाच करू द्या. मोटार झाडाच्या आत नाही, बाहेर, वाऱ्याच्या जागी. मास्तर, आता तरी पास?

मास्तर_निवृत्त
पास. पाच गुण वजा, सुरुवातीला वाद घातल्याबद्दल.

शेवंती
बाप रे, दोन दिवस आले नाही तर इथे एवढं! सगळ्यांचे आभार. मुलाला सगळा धागा वाचायला दिला. बोसांच्या भागापर्यंत वाचला आणि म्हणाला, "कँडल कुठे मिळते?"

काल आणली. चौघं आमच्या न्हाणीघरात बादलीभोवती बसले होते, प्रेझेंटेशनवालाही. पहिल्यांदा जोडलं तेव्हा तासाभराने नळीच्या वरच्या टोकाला हवा जमली आणि पाणी थांबलं. साधं नळाचं पाणी होतं. उकळलेलं वापरल्यावर आणि टेप नीट गुंडाळल्यावर चालू झालं. पंख्याशिवाय बुडबुडा अगदी सावकाश सरकतो, पंख्यासमोर डोळ्यांना कळेल एवढा. मुलं आता आलेख काढतायत : पंखा बंद, पंखा चालू, पिशवी घालून. बुडबुड्याची वेळ कोण मोजणार यावर भांडणं चालू आहेत.

आता रसवाहिनीचं काय करू? सर म्हणाले दोन्ही दाखवा.

बागायतदार_तासगाव
ताई, तुमची कँडल म्हणजे आमचा टेन्शिओमीटर. द्राक्षबागेत जमिनीत ओल किती आहे ते बघायला लावतो. खाली अशीच मातीची टोपी, वर नळी आणि घड्याळ. माती कोरडी झाली की टोपीतून पाणी ओढते आणि काटा वर जातो. मुलांना सांगा की हा खेळ शेतात रोज चालतो.

रसवाहिनीसाठी आमच्याकडची दुसरी गोष्ट. द्राक्षाचं सेटिंग झाल्यावर, म्हणजे मणी धरल्यावर, खोडाची साल गोल कड्यासारखी काढतात, गर्डलिंग म्हणतो आम्ही. साखर खाली मुळाकडे जाणं काही दिवस थांबतं, वरच मण्यांना मिळते, मणी फुगतो. पण वेल वाळत नाही, कारण पाणी लाकडातून जातं. डाळिंबाच्या गुटीतही (फांदीला झाडावरच मुळ्या फोडून करतात ते कलम) तेच. साल काढली की मुळ्या कापाच्या वरच्या कडेला फुटतात, खालच्या नाही. एक गुटी बांधलेली फांदी टेबलावर ठेवा, परीक्षक गावाकडचे असले तर लगेच ओळखतील.

मास्तर_निवृत्त
गुटीची सूचना उत्तम. नुसती फांदी ठेवा आणि काप दाखवा, त्यातून दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत हे कळतं.

रसवाहिनी कशी चालते हे दाखवायचं तर तिथे ओढ नाही, ढकल आहे. म्यूंश या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडलेली कल्पना. पानापाशी रसवाहिनीत साखर भरली जाते, त्यामुळे शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी परासरणाने (पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पडद्यातून) आत येतं, दाब वाढतो आणि रस कमी दाबाकडे, म्हणजे जिथे साखर वापरली किंवा साठवली जाते तिकडे ढकलला जातो. या पेशी मात्र जिवंत हव्यात.

सोपं साधन : जाड गाजर. वरून मधोमध खोल भोक पाडा, पण आरपार नको. खालची बाजू सोलून घ्या. भोकात साखरेचा दाट पाक भरा, रंग घाला, वरून बारीक नळी घातलेलं बूच घट्ट बसवा, कडा मेणाने बंद करा. गाजर साध्या पाण्याच्या ग्लासात उभं ठेवा. नळीत पाक चढू लागतो. कँडल आणि गाजर शेजारी ठेवा : इथे ओढ, तिथे ढकल. दोन्हीकडे पंप नाही.

आणि कृपा करून रसवाहिनीचे बाण फक्त खाली काढू नका! ही चूक बक्षीस मिळालेल्या तक्त्यांवरही असते. टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटतो तेव्हा साखर कांद्यातून वर कोंबाकडेच जाते. फळाकडे, शेंड्याकडे, मुळाकडे, जिथे गरज तिकडे.

खारुताई
गाजर आदल्या दिवशी नका हो करून ठेवू, मऊ पडतं आणि बूच सुटतं. त्याच दिवशी सकाळी. आणि मेण लावण्याआधी गाजराची कड पुसून कोरडी करा, नाहीतर मेण धरत नाही.

दक्खनी
कांद्याचं उदाहरण चांगलं आहे. माझ्या पुतणीच्या वहीतही सगळे बाण खालीच आहेत, आज दुरुस्त करायला सांगतो.

शेवंती
गाजर झालं. मुलांनी खालचा ग्लास निळ्या पाण्याने भरला होता, मी रंग नको म्हटलं कारण मग पाकाचा रंग कुठला ते कळत नाही. गुटीची फांदी शाळेच्या माळीकाकांनी द्यायचं कबूल केलंय. निशिगंधाच्या दोन रंगांच्या काड्याही ठेवणार आहोत, बघणाऱ्यांची गर्दी तिथे जमेल म्हणून.

सरांना दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न : "पंप कुठे आहे?" मुलगा म्हणाला, "सर, नाहीये." सर बराच वेळ नळीकडे बघत होते आणि मग त्यांनी स्वतःच पंख्याचं बटण बंद-चालू करून बघितलं. अजून काही बोलले नाहीत. परीक्षकांना कोणते प्रश्न विचारावेसे वाटतील, कोणी सांगेल का?

मास्तर_निवृत्त
मी हे विचारीन : रात्री काय होतं? (पर्णरंध्रं बहुतेक मिटतात, ओढ कमी होते.) निवडुंगाचं काय? (त्याची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा पाणी वाचवतो.) पानं गळलेल्या झाडात पाणी कसं चढतं? (इथे मूलदाब आठवावा. छाटलेल्या द्राक्षाच्या काडीतून पाणी टपकतं ते बागायतदारसाहेब सांगतील.) आणि शेवटी, तुमचं मॉडेल खऱ्या झाडापेक्षा कुठे वेगळं आहे? हा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि मुलं नेहमी गडबडतात. उत्तर तयार ठेवा : कँडलला रंध्रं उघड-मिट करता येत नाहीत, आणि नळी एकच आहे, म्हणून एक बुडबुडा सगळं बंद पाडू शकतो.

बागायतदार_तासगाव
छाटणीनंतर काडीतून टपकतं ते खरं. शेंड्यावर पानच नसतं तेव्हा, ओढायला कोणी नाही. थेंब थेंब पडत राहतो.

नवीन_सभासद
नमस्कार, धागा उशिरा वाचला. आमच्याही मुलीला हाच विषय आहे. कँडल नेमकी कुठे मिळते? इकडे सगळीकडे आरओ आहेत, दुकानदार तोंडाकडे बघतो.

कुंडीवाली
वॉटर प्युरिफायरच्या दुकानात नको, भांड्यांच्या दुकानात विचारा. स्टीलचे फिल्टर जिथे मिळतात तिथे सुट्या कँडली असतात. घेताना बघा की बुडाशी प्लॅस्टिकचं तोंड घट्ट बसलंय, हलत नाही. आत कोळसा भरलेली घेऊ नका, भरायला त्रास होतो. साधी पांढरी.

तिरकस
आणि चुकून खटपट्याने सांगितलेला पंप आधीच घेतला असेल तर मला द्या. तुळशीचा तबला बंद करायचाय.